सातव्या प्रकरणातला हसणारा बाप

माझाच फोटो एका परक्या बाईने मला आणून दाखवला, तेव्हा मी होल्याचा पिंजरा खांबावर चढवत होतो. दोरी हातात, पिंजरा अर्ध्यावर, आत होला पाय फाकवून तोल सांभाळतोय, आणि फाटकाबाहेरून आवाज आला, "क्षमा असावी. आपण श्रीयुत विग्न्यो आहात काय? मी आपल्या शोधार्थ आले आहे." आमची भाषा तिने कुठल्यातरी सरकारी पुस्तकातून शिकलेली असावी. इतकं शुद्ध आमच्या योग्या शहरात फक्त रेडिओवर बातम्या वाचणारा बोलतो, तोही नोकरी आहे म्हणून. मी हो म्हणालो. तिने पिशवीतून एक जाड पुस्तक काढलं, खूण घातलेलं पान उघडलं आणि फाटकाच्या गजांतून आत धरलं. आगगाडीची खिडकी, खिडकीत मी, हातात अर्धवट सोललेलं सालकाचं खवलेदार फळ. चेहऱ्यावर असं हसू, की बघणाऱ्याला वाटावं, या माणसाला नुकतंच काहीतरी छान कळलं आहे. माझ्या मुलाला जाऊन तेव्हा एक दिवस झाला होता.

दोरी तशीच धरून मी उभा राहिलो. पिंजरा वर न्यावा की खाली घ्यावा हे ठरेना, आणि ते ठरल्याशिवाय बाकी काही बोलता येणार नाही असं मला उगाचच वाटत राहिलं.

आमच्या गल्लीत परदेशी माणूस नवा नाही. चार घरांमागे एक पाहुणेघर आहे आणि प्रत्येक पाहुणेघरात कुणीतरी आयुष्याचा अर्थ शोधायला उतरलेलं असतं. ही माणसं स्वतःच्या बापाला जे विचारणार नाहीत ते आमच्या सायकलरिक्षावाल्याला विचारतात. आमचा रिक्षावाला पोनिजो, याने तर त्यावर हात बसवून घेतला आहे. पूर्वी एकदा एका बाईला घेऊन जाताना त्याची साखळी निखळली. ऊन होतं, तो वैतागला होता, आणि बाईने विचारलं, कधी पोचू? पोनिजो म्हणाला, पोचायचं तेव्हा पोचू. बाई रिक्षातून उतरली, डोळे पुसले आणि त्याचे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाली की हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. तेव्हापासून पोनिजो उतार आला की मुद्दाम थांबतो. "पाक विग्न्यो," तो मला एकदा म्हणाला (‘पाक’ म्हणजे आमच्याकडचं ‘राव’), "अकरा देशांना हेच सांगितलंय. एकाही देशाने परत येऊन तक्रार नाही केली." मी त्यावर पोटभर हसलो होतो. आता फाटकातून ते पुस्तक आत आलं, तेव्हा मला पहिली आठवण पोनिजोची झाली, आणि ती करून घेण्यात मला थोडा आधार वाटला हे कबूल करायला हवं. निदान तो स्वतःहून धंद्यात उतरला होता. मला न विचारता बसवलं होतं.

बाईचं नाव मारेन. डेन्मार्कची. चाळिशीची असेल, पण मानेपासून वर म्हातारी. ज्याने ते पुस्तक लिहिलं तो एस्किलही तिकडचाच. वाटेत भेटलेल्या अनोळखी माणसांनी त्याला काय काय शिकवलं, असं ते पुस्तक. मी सातव्या प्रकरणात होतो, पोर्तुगालचा एक कोळी आणि कैरोचा एक न्हावी यांच्या मधोमध. प्रकरणाचं नाव ‘हसणारा बाप’. एस्किलने मला चार प्रश्न विचारले होते, मी तीन उत्तरं दिली होती, त्यातलं एक नाव-गाव, त्याची बारा पानं झाली होती.

ती गाडी मला आठवते. सुराबाया बंदराला जाणारी, सकाळची, लाकडी बाकांची. समोर हा पोरगेला गोरा माणूस, गुडघे एवढे लांब की मला माझे पाय बाकाखाली घ्यावे लागले. त्याने विचारलं, कुठे निघालात? आमच्याकडे हा प्रश्न नाही, नमस्कार आहे. उत्तर द्यायचं नसतं, नुसता समोर हात करायचा असतो. पण तो उत्तराची वाट बघत बसला. तेव्हा मी म्हणालो, मुलाला आणायला. नोकरीला आहे का तिकडे? म्हटलं, गोदीत होता. काल गेला. आणि हसलो. हसलो म्हणजे हसावंच लागतं. समोरचा माणूस प्रवासात आहे, त्याचा दिवस चांगला चालला आहे, त्याच्या मांडीवर आपलं मढं कसं ठेवायचं. म्हणून बातमीच्या खाली हसू धरायचं, गरम भांड्याखाली फडकं धरावं तसं. एवढं तर आमचं शेंबडं पोरसुद्धा जाणतं. मग बोलणं फार लांबू नये म्हणून मी त्याला सालक दिलं. ते कसं सोलायचं ते त्याला येईना, तेव्हा सोलून दाखवलं. तेवढ्यात त्याने फोटो काढला. हे सगळं मिळून मादियुन स्टेशन येईपर्यंतसुद्धा चाललं नसेल. पुढचे चार तास मी खिडकीबाहेर ऊस बघत होतो, आणि एस्किलने लिहिलं आहे की तो माणूस उसाच्या शेतांकडे असा बघत होता की जणू त्यातलं प्रत्येक पान त्याच्या ओळखीचं आहे. मी ऊस बघत नव्हतो. गोदीतल्या फोरमनने फोनवर "ओळख पटवायला या" असं का म्हटलं, नुसतं "या" का नाही म्हटलं, हे मी बघत होतो.

मारेनला ओट्यावर बसवलं. सुमिराह आतून चहा घेऊन आली. सुमिराह माझी बायको. पाहुण्यांसमोर ती पडद्याच्या आत थांबते, पण पडदा तिचाच शिवलेला आहे आणि त्यातून काय ऐकू येतं हे तिला चांगलं माहीत आहे. मारेन म्हणाली, "दहा महिन्यांपूर्वी माझी कन्या निवर्तली. तिचे वय नऊ वर्षे होते. मी आपले प्रकरण अनेक वेळा वाचले. आपली भाषा त्याकरिताच शिकले. मला आपणास एकच विचारावयाचे आहे. आपण एका दिवसात त्याला कसे जाऊ दिले?"

आता इथे खरं बोलायला काय हरकत होती? बाई, मी कुणाला जाऊ दिलं नाही. मी तुमच्या एस्किलशी सभ्यपणे वागलो, एवढंच. पण समोर बसलेलं माणूस नुसत्या त्या एका चुकीसाठी महिनोन्महिने क्रियापदं पाठ करत होतं. तिच्या चपलेला आमच्या गल्लीची लाल माती लागली होती. पाहुणा इतक्या लांबून आल्यावर त्याला रिकाम्या हाताने घालवायचं, हे मला जमणारं नव्हतं. तिच्याकडे बघवेना म्हणून मी वर पिंजऱ्याकडे बघितलं आणि म्हणालो, "सकाळी पिंजरा वर चढवायचा. संध्याकाळी खाली घ्यायचा. बाकी काही करायचं नाही." मला त्यातून काहीही सुचवायचं नव्हतं. मी खरोखरच पिंजऱ्याबद्दल बोलत होतो. मारेनने डोळे मिटले. मग वहीत लिहून घेतलं. पोनिजो त्या क्षणी गल्लीतून गेला असता तर त्याने मला भाऊ म्हणून मिठी मारली असती.

पडदा हलला. सुमिराह बाहेर आली, पदराला हात पुसत, आणि म्हणाली, "बघू." मारेनने पुस्तक दिलं. सुमिराहने ते पान उन्हाकडे तिरपं धरलं. बराच वेळ. "काय लिहिलंय?" तिने विचारलं. मारेनने एकेक ओळ आमच्या भाषेत करून सांगितली. काल माझा मुलगा गेला, असे तो म्हणाला, आणि हसला, आणि मला फळ दिले. सुमिराह ऐकत होती. मग फोटोवर बोट ठेवून मला म्हणाली, "तुमचे तेव्हा सगळे दात होते."

"आणि आपण, माताजी?" मारेनने तिला विचारलं. "आपणही?"

सुमिराह हसली. "हो. आम्हीसुद्धा. दोघांनी मिळून."

तिचं ते हसू मी रोज बघतो. भात वाढताना, पैसे नाहीत म्हणताना, गुडघा दुखत नाही म्हणताना. मुलगा गेल्यापासून एकोणीस वर्षं. तो तिचा स्वभावच आहे असं मी धरून चाललो होतो, जसं घरातला एखादा खांब धरून चालतो. आता तेच हसू शेजारी बसलेल्या परकीसाठी तिच्या तोंडावर आलं, अगदी तेवढंच, तसूभर कमी नाही की जास्त नाही. मारेन निघाली तेव्हा सुमिराहने तिला केळीच्या पानात बांधून खाऊ दिला आणि विचारलं, "कुठे उतरलाय?" मारेनने सांगितलं. कोपऱ्यावरचं, जाळीच्या खिडक्यांचं पाहुणेघर.

दिवसभर मला बसवेना. पुस्तकातला तो बाप घरात फिरत होता. मी खुर्चीत बसलो की तो ओट्यावर, मी ओट्यावर आलो की तो मागच्या अंगणात, सालक सोलत. मला त्याचा राग येत होता आणि त्याला माझ्याबद्दल काहीही वाटत नव्हतं. मुलाला घरी आणला तो दिवस आठवत होता. प्रासोजो त्याचं नाव, पण घरात जो. चोवीस वर्षांचा. गोदीत वरून लोखंडी दोर तुटून आला. सुराबायाच्या शवागारात एका माणसाने चादर डावीकडून वर केली आणि माझ्याकडे बघून परत टाकली. म्हणाला, तुम्ही उजवीकडून बघू नका. मी उजवीकडून बघितलं. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं, कारण तिथे काही नव्हतं. मग मी त्याचा डावा हात मागितला. लहानपणी सायकलच्या साखळीत त्याची करंगळी गेली होती आणि ती मीच सरळ बांधली होती, म्हणजे वाकडी बांधली होती. ती तिथे होती. मी त्यांना सांगितलं, इथेच आंघोळ घाला, इथेच कफन बांधा, आणि गाठी घट्ट मारा.

घरी आल्यावर सुमिराह ओरडली. अर्धंच. कारण मी तिचा दंड धरला आणि म्हणालो, बायकांसमोर तमाशा नको. तोंडावरचं कापड बाजूला करा, एकदा बघू द्या, असं ती म्हणत होती. आमच्यात मेलेल्याच्या अंगावर अश्रू पडू देत नाहीत, पडले तर त्याची वाट ओली होते, पाय उचलत नाही. हे सगळ्यांना माहीत आहे. मला ते त्या दिवशी फारच उपयोगी पडलं. मी म्हणालो, तुझे डोळे बघ, तू टिपं पाडशील. ती म्हणाली, नाही पाडणार. मी म्हणालो, पाडशील. आजूबाजूच्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. तिला मागच्या खोलीत नेलं. चाळिसाव्या दिवशीचं जेवण आटोपल्यावर, पत्रावळी गोळा करता करता तिने मला विचारलं होतं, "त्याच्या भुवईतली खोक दिसत होती का हो?" उजव्या भुवईत जोला लहानपणी पडल्याची खोक होती. मी म्हणालो, "होती की. झोपल्यासारखा दिसत होता." तिने परत कधी विचारलं नाही. मला वाटलं, तिचं समाधान झालं. एस्किल मला चार तास भेटला होता, त्याचं चुकलं तर एकवेळ ठीक आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुमिराह टोपली घेऊन बाजाराला गेली. मी पिंजरा वर चढवला, आणि तो वर जात असताना मला ते मारेनच्या वहीतलं वाक्य आठवून शरमच वाटली. ती बाई आता ते घेऊन तिच्या देशात जाणार. तिथे कुणी विचारलं, की ती हसणार. तिच्याकडे तर तशी पद्धतही नाही, म्हणजे ती एकटीच हसत बसणार. ठरवलं, जाऊन सांगायचं. बाई, मी खोटं बोललो, तुम्ही रडा, कुठेही पडू देत ते अश्रू. गल्लीत पोनिजो रिक्षात पाय वर करून पडला होता. "कुठे, पाक?" तो म्हणाला. मी समोर हात केला. "कालची बाई का? बक्कळ शिकवलंत म्हणे तिला. आमच्या पोटावर पाय देऊ नका, एवढंच."

पाहुणेघराच्या खोल्यांना ओळीने ओटा आहे. तिसऱ्या दारापुढे मारेनच्या लाल मातीच्या चपला होत्या. त्यांच्या शेजारी दुसरा जोड होता. हिरव्या पट्ट्याचा, डावा पट्टा काळ्या दोऱ्याने शिवलेला. तो दोरा मीच ओवून दिला होता, कारण तिला आता सुईचं भोक दिसत नाही. बाजाराची टोपली भिंतीला टेकून ठेवली होती, रिकामी. खिडकीच्या फळ्या अर्ध्या उघड्या होत्या. मी आत बघितलं नाही. ऐकलं मात्र, आणि ते बघण्याहून सभ्य आहे असं काही मी म्हणणार नाही.

"मी टिपं पाडली नसती," सुमिराह सांगत होती. अगदी सावकाश, मारेनला कळावं म्हणून, पोरांना शिकवताना बोलतात तसं. "मला फक्त भुवई बघायची होती. खोक आहे की नाही. नंतर यांना विचारलं, तर होती म्हणाले. पण कसे म्हणाले ते मी बघितलं ना. तेव्हापासून मला कळत नाही बाई, आम्ही कुणाला पुरलं. दर गुरुवारी कबरीवर फुलं टाकते, आणि मनात म्हणते, तू जो कोण असशील त्याला. फाटक वाजलं की मी अजून येणाऱ्याच्या आधी कपाळाकडे बघते. काल तुझ्याही बघितलं."

मारेन काहीतरी म्हणाली. यावेळी आमच्या भाषेत नाही. मग रडण्याचा आवाज आला. एक रडणं परदेशी होतं, ते मी ओळखलं. दुसरं ओळखायला मला वेळ लागला, कारण मी ते फक्त एकदाच आणि अर्धंच ऐकलं होतं. ते खालून कुठूनतरी येत होतं, जाडं, खरखरीत, एखादी जुनी जड पेटी फरशीवरून ओढावी तसं. मध्येच ती बोलत होती, जो लहानपणी काय खायचा, कशाला भ्यायचा. त्यातलं निम्मं मला माहीत नव्हतं. एका अनोळखी बाईला, जिला आमची भाषा नीट येत नाही, जी शनिवारी विमानात बसून कायमची जाणार आहे, तिला ती हे देत होती. आणि का देत होती ते मला तिथे उभ्या उभ्या समजलं, आणि समजून काही उपयोग नव्हता. प्रवासातल्या माणसाला सांगितलेलं परत घरी येत नाही. माझं एकच आलं होतं.

मी परत फिरलो. पोनिजोने डोळे उघडून विचारलं, "झाली शिकवणी?" घरी येईपर्यंत वाक्य तयार केलं. ते सोपं होतं, एकोणीस वर्षं तयारच होतं. खोक नव्हती, उजवी बाजूच नव्हती, म्हणून दाखवला नाही. पण तोच होता, मी करंगळी बघितली. वाक्याचे पाच तुकडे. दिवाळखोर माणसालाही एवढं देता येईल.

सुमिराह बाराच्या सुमारास आली. टोपलीत वालाच्या शेंगा होत्या, म्हणजे बाजारातही जाऊन आली होती. तोंड धुतलेलं होतं. "उशीर झाला," ती म्हणाली, आणि हसली. "गर्दी होती."

"बस जरा," मी म्हणालो.

ती बसली. परात पुढे ओढून शेंगा मोडायला लागली. मी वाक्य बोललो. सगळं, पहिल्यापासून, शवागारातल्या माणसासकट. आवाज कापला नाही. शेंगा मोडण्याचा आवाज करंगळीपाशी थांबला.

"खोक नव्हती हे मला तेव्हाच कळलं," ती म्हणाली.

"कसं?"

"तुम्ही हसलात."

"मग परत का नाही विचारलंस?"

"तुम्ही परत हसला असतात."

बाहेर होला घुमत होता. मी म्हणालो, "पण करंगळीचं खरं आहे, सुमिराह. तो जोच होता. शपथ घेऊन सांगतो. तू गुरुवारी जिथे फुलं टाकतेस तो आपलाच आहे."

तिने माझ्याकडे बघितलं. कपाळाकडे नाही, तोंडाकडे. खूप वेळ, दुकानदाराने परत केलेली नोट बघावी तसं. तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. एवढ्या वर्षांत मी तिला तशी बघितली नव्हती आणि ती मला ओळखीची वाटली.

"आत्ताही हसताय तुम्ही," ती म्हणाली, आणि पुढची शेंग घेतली.

मी तोंडाला हात लावून बघितला. ओठांची दोन्ही टोकं वर गेलेली होती. ती मी बोटांनी खाली ओढली. सोडली की परत वर जात होती.